‘इथे काही नाही’ म्हणण्याआधी : पोलिसांची विशेष शोधपथके कशी काम करतात

शोधपथकाचे काम वस्तू सापडवणे, असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. पथक दिवसभर राबून जो माल तयार करते तो एक लेखी जबाब असतो : अमुक जागा, अमुक वस्तूसाठी, अमुक पद्धतीने तपासली, इतक्या खात्रीने सांगतो की ती तिथे नाही, आणि हे हे भाग तपासता आले नाहीत. वस्तू सापडली तर प्रश्नच मिटतो. नाही सापडली, तर पुढचा सगळा तपास या कागदावर उभा राहतो. ‘बघितलं साहेब, काही नाही’ या वाक्याने तपास चुकीच्या दिशेला जातो, तो याच कारणाने.

ही शिस्त वेगळी शाखा म्हणून उभी राहण्यामागे काही कडू धडे आहेत. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी ब्रिटनमधल्या ब्रायटन शहरात सत्ताधारी पक्षाच्या परिषदेच्या वेळी ग्रँड हॉटेलमध्ये स्फोट झाला आणि पाच जण ठार झाले. बॉम्ब सुमारे चार आठवडे आधी, स्नानगृहातल्या टबच्या बाजूच्या फळीमागच्या पोकळीत लपवलेला होता. दारावर पहारा होता, पण इमारत पोकळीपोकळीने उघडून तपासलेली नव्हती. त्यानंतर ब्रिटिश पोलिसांत लष्करी इंजिनिअरांच्या मदतीने प्रशिक्षित शोध सल्लागार आणि परवानाधारक शोधपथके ही व्यवस्था रुजली. आज अनेक देशांत थोड्याफार फरकाने हाच साचा वापरतात.

निघण्याआधीचा कागद

पथक गाडीत बसण्याआधी शोध सल्लागार आणि तपास अधिकारी समोरासमोर बसतात. या दोन भूमिका एकाच माणसाकडे नसाव्यात. तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झालेली असते (‘त्याने चाकू नाल्यातच टाकला’) आणि तो त्या गोष्टीला सोयीची जागा शोधायला सांगतो. सल्लागाराचे काम उलटे प्रश्न विचारण्याचे : हे कोणी सांगितले, कधी, त्याला ते कसे कळले, आणि ते खोटे असेल तर दुसऱ्या कोणत्या जागा उरतात?

कागदावर किमान एवढे उतरते :

- काय शोधायचे आहे : आकार, रंग, धातू की कापड, अखंड की तुकडे. ‘मोबाइल’ पुरेसे नाही. सिमकार्ड वेगळे काढले असेल तर शोध नखाएवढ्या वस्तूचा होतो आणि वेळ कितीतरी पटीने वाढतो.
- कायदेशीर अधिकार कशापुरता आहे. चोरीच्या मोठ्या टीव्हीसाठीच्या परवान्यावर टेबलाचा खण उघडणे न्यायालयात टिकणे कठीण.
- हद्द : नकाशावर काढलेली, जमिनीवर ओळखता येईल अशी. कुंपण, ओढा, रस्ता. ‘झाडीपर्यंत’ ही हद्द नव्हे.
- धोके : वीज, गॅस, सुया, सापळे, विहिरी, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, मोडकळीला आलेला जिना.
- गृहीतके, एकेक करून. ‘तो पायी गेला असे धरले आहे’ हे लिहून ठेवले नाही, तर दोन दिवसांनी ते कोणालाही वस्तुस्थितीच वाटू लागते.

पथक साधारण सहा-सात जणांचे. एक प्रमुख, बाकीचे जोडीजोडीने. प्रमुख स्वतः शोधत नाही, यावर ठाम राहावे लागते. तो वाकून गवत चाळू लागला की रांग वाकडी होते, नोंद राहून जाते आणि थकलेला माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. नोंद ठेवणारा, छायाचित्र घेणारा आणि मुद्देमाल ताब्यात घेणारा या भूमिका आधीच वाटलेल्या असतात. माणसे कमी असली तर एकाकडे दोन, पण मुद्देमाल शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातून जातो.

संशयिताच्या घरी गेलेली जोडी त्याच दिवशी घटनास्थळी जात नाही. कपड्यावरचा एक धागा इकडून तिकडे गेला तरी त्या धाग्याचा पुरावा म्हणून उपयोग संपला.

हरवलेला माणूस : आधी घर, मग नकाशा

माणूस हरवल्याची खबर आली की पहिली झडती त्याच्याच घराची, घरच्यांनी ‘सगळं पाहिलं’ म्हटले तरीही. लहान मुले कपाटात, पलंगाच्या कप्प्यात, कपड्यांच्या ढिगात झोपी जातात आणि रागावतील या भीतीने हाकेला ओ देत नाहीत. स्वतःचे बरेवाईट करून घेणारा माणूस माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये सापडल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. नातेवाईक ओळखीच्या जागी माणूस शोधतात. पथक माणूस मावेल अशी प्रत्येक पोकळी शोधते. फरक तिथे पडतो.

घरानंतर नकाशा. जिथे तो नक्की दिसला होता ते शेवटचे ठिकाण मध्यबिंदू. त्याभोवती अंतराची वर्तुळे काढतात. ती अंदाजाने नव्हे, तर तशाच माणसांच्या जुन्या प्रकरणांत ते किती लांब सापडले यावरून : निम्मे कुठपर्यंत, पाऊणभाग कुठपर्यंत, शंभरातले पंचाण्णव कुठपर्यंत. माणसाच्या प्रकारानुसार चित्र बदलते. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध बहुधा समोर दिसेल तसे चालत राहतात आणि काटेरी झुडूप, गटार, कुंपण अशा ठिकाणी अडकून थांबतात; ते मदत मागत नाहीत. खचलेला माणूस पुष्कळदा फार लांब जात नाही. झाडी जिथे सुरू होते अशा काठावर किंवा दूरवर दिसेल अशा निवांत जागी तो आढळतो.

आता हिशेब. प्रत्येक भागाला दोन आकडे लागतात : वस्तू किंवा व्यक्ती तिथे असण्याची शक्यता, आणि असली तर आपल्या पद्धतीने ती सापडण्याची शक्यता. दुसऱ्या आकड्याला आपण ‘पकड’ म्हणू.

समजा ‘अ’ भागात असण्याची शक्यता ५० टक्के, ‘ब’मध्ये ३०, ‘क’मध्ये २०. ‘अ’ भाग ८० टक्के पकडीने तपासला आणि काही मिळाले नाही. म्हणजे ‘अ’चे ५० पैकी ४० गेले, १० उरले. एकूण उरले १० + ३० + २० = ६०. नवे वाटप : ‘अ’ १७, ‘ब’ ५०, ‘क’ ३३ टक्के. आता अनेकजण थेट ‘ब’कडे धावतील. पण ‘ब’ दहा हेक्टरचा आणि ‘क’ दोनच हेक्टरचा असेल, तर हेक्टरमागे ‘ब’ला ५ आणि ‘क’ला साडेसोळा येतात. माणसे ‘क’कडे पाठवावीत.

हे गणित पकडीच्या आकड्याइतकेच खरे. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाच्या शोधात, शेवटच्या ज्ञात स्थानाभोवतीचा भाग ब्लॅक बॉक्सवरच्या ध्वनिसंदेशकांचा आवाज ऐकू न आल्यामुळे मागे टाकला गेला होता. हे संदेशक मुळात बंद पडले असतील असे धरून शक्यता पुन्हा मांडल्या, तेव्हा तोच भाग वर आला आणि एप्रिल २०११ मध्ये अवशेष तिथे सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सापडले. जमिनीवरही हेच होते. ड्रोनच्या उष्णता-कॅमेऱ्याने रान ‘तपासले’ अशी नोंद होते. पण दाट पानांखालचे त्याला दिसत नाही, भर दुपारी तापलेल्या खडकांत माणूस वेगळा उठत नाही, आणि थंड पडलेला मृतदेह तर भोवतालासारखाच दिसतो. पहाटे, उघड्या माळावर त्याची पकड चांगली. बाकी वेळी आकडा प्रामाणिकपणे खाली आणावा.

उघड्या जमिनीवरची रांग

दोन माणसांत किती अंतर ठेवायचे? सवयीने ‘पाच पाच मीटर’ म्हणणे चूक. जागेवर मोजावे. शोधायच्या वस्तूसारखीच वस्तू तिथल्याच गवतात ठेवा. एकाने तिच्यापासून मागे चालत जावे. दिसेनाशी झाली की अंतर मोजावे. मग लांबून परत यावे. दिसू लागली की मोजावे. असे आठ दिशांनी करून सरासरी काढावी. बचावपथकांत या गोल गोल चालण्याला ‘नॉर्थम्बरलँड रेन डान्स’ म्हणतात, आणि लांबून पाहणाऱ्याला ते खरोखर तसेच दिसते. दहा-पंधरा मिनिटे जातात. पुढचे सगळे आकडे यावर उभे आहेत.

माणसांमधले अंतर वस्तू दिसेनाशी होण्याच्या अंतराच्या दुप्पट ठेवले, तर पकड साधारण निम्मी मिळते. जिवंत माणूस पटकन शोधायचा असेल तर हे चालते, कारण मोठा भाग लवकर होतो. चाकूसाठी चालत नाही. निम्म्या पकडीने दोनदा तपासले तर ७५ टक्के, तीनदा ८७.५, मात्र दुसरी फेरी वेगळ्या माणसांनी आणि काटकोनात घेतली तरच. तीच माणसे तीच दिशा धरून गेली तर जे झुडूप पहिल्यांदा आड आले ते दुसऱ्यांदाही येते.

दहा जण, पाच मीटर अंतर, म्हणजे पन्नास मीटरचा पट्टा. ताशी एक किलोमीटर वेगाने तासाला पाच हेक्टर होतात. कागदावर. काटे, ओढे, कुंपणे आणि ‘थांबा’ची आरोळी धरून तीन मिळाले तरी बरे. तपास अधिकाऱ्याला संध्याकाळपर्यंतचे वचन द्यायचे ते तीनच्या हिशेबाने.

रांगेच्या एका टोकाचा माणूस आखलेल्या सुतळीवर किंवा रस्त्याच्या कडेने चालतो; दुसऱ्या टोकाचा नवी सुतळी टाकत जातो. परतीच्या वेळी रांग याच सुतळीवर फिरते, म्हणजे दोन पट्ट्यांत फट राहत नाही. चालताना समोर, बाजूला आणि दर काही पावलांनी मागे वळून पाहायचे, कारण झुडपामागे ठेवलेली वस्तू अनेकदा पलीकडूनच दिसते. झाडांच्या फांद्या आणि छपरे विसरली जातात. फेकलेली वस्तू खालीच पडते असे नाही. हरवलेल्या व्यक्तीसाठी ठरावीक वेळाने सगळे एकदम शिट्टी वाजवतात आणि मग पूर्ण मिनिटभर कोणी हलत नाही, रेडिओही बंद. शिट्टीपेक्षा ते मिनिट महत्त्वाचे.

गुडघ्यांवरचा शोध

गोळीचे टरफल, दात, तुटलेला नखाचा तुकडा यांसाठी माणसे खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसतात. जमिनीवर सुतळीने साधारण एक मीटर रुंदीचे पट्टे आखलेले असतात. प्रत्येक जण आधी नजरेने, मग बोटांनी, गवत मुळाशी फाकवत आपला हातभर तुकडा संपवतो. सगळ्यांचा संपल्याशिवाय रांग पुढे सरकत नाही. प्रमुखाने वेग हळू माणसाचा धरायचा. भरभर सरकणारा माणूस कुशल असेलच असे नाही, बहुधा तो कंटाळलेला असतो.

हातमोजे जाड चामड्याचे घालून चालत नाही, स्पर्श जातो. पातळ मोजे घालून सुयांकडे डोळसपणे पाहावे लागते. दर वीस-तीस मिनिटांनी उठून पाय मोकळे करणे आणि जागा बदलणे ही चैन नव्हे. २००५ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांना चित्रांमधून वस्तू शोधायला दिल्या होत्या. निम्म्या चित्रांत वस्तू असताना चुकण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. शंभरात एखाद्याच चित्रात असताना ते ३० टक्क्यांवर गेले. काही सापडतच नाही अशा तासांनंतर डोळे ‘नाही’ म्हणायची घाई करतात. म्हणून चांगला प्रमुख पट्ट्यात स्वतः खुणेच्या काही वस्तू आधी टाकून ठेवतो. पाचपैकी तीनच वर आल्या, तर त्या दिवसाची पकड ६० टक्क्यांच्या आसपास धरायची, मग पथकाला कितीही वाईट वाटो.

मेटल डिटेक्टर याच पट्ट्यांतून चालतो. डोके जमिनीपासून दोन ते पाच सेंटिमीटर वर, समांतर, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्याचा निम्मा भाग झाकणारा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. लोखंडी कचऱ्याचे आवाज टाळण्यासाठी यंत्रावर गाळणी लावण्याचा मोह होतो. पण चाकूही लोखंडीच असतो.

इमारत

खोलीत शिरल्यावर पहिले काम : दारात उभे राहून काहीही न हात लावता पाहणे आणि ऐकणे. फ्रिज, पंखा, घड्याळ यांचे नेहमीचे आवाज ओळखीचे झाले की वेगळा आवाज कळतो. मग छायाचित्रे. त्यानंतर जोडी खोलीचे उंचीनुसार थर पाडते : जमिनीपासून कंबरेपर्यंत, कंबरेपासून हनुवटीपर्यंत, तिथून छतापर्यंत, आणि शेवटी खोट्या छताच्या वर. दोघे एकाच बिंदूवर पाठीला पाठ लावून उभे राहतात, भिंतीच्या कडेने विरुद्ध दिशांनी निघतात, समोर भेटतात, मग मधले सामान. प्रत्येक थराला हीच फेरी. सगळे झाल्यावर जोड्या खोल्या बदलतात. आवरून ठेवलेली वस्तू पुन्हा हाताळायची नाही. तपासलेले एका बाजूला, न तपासलेले दुसऱ्या बाजूला.

लपवलेल्या पोकळ्या नजरेपेक्षा टेपने जास्त सापडतात. खोली आतून मोजावी, शेजारची खोली मोजावी, बाहेरची लांबी मोजावी. भिंतींची जाडी वजा जाता चाळीस सेंटिमीटर कुठे गेले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही. कपाटाचे खण बाहेरून जेवढे खोल दिसतात तेवढे आतून आहेत का, तेही तसेच. बाकी खुणा छोट्या : स्क्रूच्या खाचेत नुकताच चमकलेला धातू, एकाच फरशीचा वेगळा सांधा, सगळीकडे धूळ असताना एका पट्टीवर नसलेली धूळ. टबच्या बाजूची फळी, विजेची पेटी, जिन्याखालचा भाग, पाण्याची टाकी ही नेहमीची ठिकाणे. विजेला हात लावण्याआधी पुरवठा बंद.

बॉम्बच्या शक्यतेचा शोध असेल तर नियम एकच : संशयास्पद वस्तूला स्पर्श नाही, हलवणे नाही, तिच्याजवळ रेडिओ किंवा मोबाइल वापरणे नाही. खूण ठेवून आलेल्या वाटेनेच मागे फिरायचे आणि पुढचे काम बॉम्बनाशक पथकाचे. एक सापडली म्हणून शोध संपत नाही. माणसे बाहेर काढायची वाट आणि ती थांबवायची जागाही तपासलेली हवी.

श्वान

श्वान एकाच प्रकारचे नसतात. एक विशिष्ट माणसाच्या मागावर चालतो, दुसरा वाऱ्यावर येणारा कोणत्याही माणसाचा गंध घेतो, तिसरा फक्त मानवी अवशेषांसाठी शिकवलेला. चुकीचा मागवला तर दिवस फुकट. मागावरचा श्वान सर्वांत आधी आणावा. चाळीस माणसे तुडवून गेल्यावर आणणे म्हणजे श्वानाची आणि त्याला हाताळणाऱ्या हँडलरची चेष्टा.

वाऱ्यावर काम करणाऱ्याला वारा समोरून येईल अशा दिशेने न्यायचे. पुरलेल्या अवशेषांसाठी जमिनीत पातळ सळईने ओळीने छिद्रे पाडतात आणि गंध वर यायला वेळ देतात. उतारावर गंध पाण्याबरोबर खाली सरकतो. श्वानाने इशारा दिलेली जागा आणि पुरलेली जागा यांत काही मीटरचे अंतर असू शकते. तिथेच खोल खणत बसण्याआधी चढाकडे पाहावे.

हँडलरला ‘इथे असावे असे वाटते’ हे सांगू नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ श्वान-हँडलर जोड्यांना जिथे कोणताही गंध ठेवलेलाच नव्हता अशा खोल्या तपासायला दिल्या. हँडलरांना मात्र काही जागी गंधाची जागा दाखवणाऱ्या खुणा आहेत असे सांगितले होते. बहुतेक फेऱ्यांत खोटे इशारे नोंदले गेले, आणि खुणांच्या जागी ते जास्त होते. एका श्वानाच्या इशाऱ्यावर दुसरा श्वान, दुसऱ्या हँडलरसह, पहिल्याचा निकाल न सांगता आणावा.

जमिनीखाली आणि पाण्याखाली

पुरलेल्या गोष्टीसाठी क्रम कमी इजेकडून जास्त इजेकडे : जुनी-नवी हवाई छायाचित्रे, पायी पाहणी, श्वान, यंत्रे, आणि सर्वांत शेवटी कुदळ. एकदा खणलेली माती पुन्हा तशी बसत नाही. थर मिसळतात, पृष्ठभाग आधी फुगीर असतो, मग खचतो, आणि त्यावरची झाडी शेजारपेक्षा वेगळी उगवते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ही खळगी दिसते, दुपारी नाही. भूभेदी रडारसाठी अशा कामात बहुधा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचे अँटेना वापरतात; कोरड्या वाळूत ते छान चालते, ओल्या चिकणमातीत लहरी शोषल्या जातात आणि पडद्यावर फारसे काही उरत नाही. रडार ‘मृतदेह’ दाखवत नाही, बिघडलेली जागा दाखवते. ती मुळेही असतील, जुना पाइपही.

उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कराने शस्त्रसाठे शोधताना एक विचारपद्धत वापरली, तिला ‘विंथ्रॉपिंग’ म्हणतात. पुरणाऱ्याला जागा पुन्हा सापडायला हवी असते, म्हणून तो एकटे झाड, फाटक, कुंपणाचा कोपरा अशी खूण धरतो. त्याच्या जागी उभे राहून विचारायचे : गाडी कुठे थांबेल, वजन घेऊन किती चालेल, लोकांच्या नजरेआड कुठे होईल, आणि अंधारात काय ओळखू येईल? मृतदेह टाकणाऱ्याला मात्र बहुधा परत यायचेच नसते, त्यामुळे तिथे खुणेपेक्षा गाडीपासूनचे अंतर आणि आडोसा जास्त बोलतात.

खणताना खड्ड्याची मूळ कड राखून आतली माती पातळ थरांनी काढतात. कडेवर कुदळीच्या पात्याचा ठसा राहिलेला असू शकतो. निघालेली सगळी माती चाळणीतून जाते, आधी साधारण सहा मिलिमीटरच्या, गरज पडली तर तीनच्या. घाईने यंत्राने खड्डा मोठा केला की ठसा, कड आणि क्रम तिन्ही गेले.

पाण्यात बुडालेला देह साचलेल्या पाण्यात सहसा बुडाल्या जागेजवळच तळाशी जातो आणि आतल्या वायूंमुळे काही दिवसांनी वर येतो. पाणी फार थंड असेल तर बराच काळ येत नाही. म्हणून साक्षीदाराला काठावर जिथून पाहिले तिथेच उभे करून बोटाने दिशा दाखवायला सांगावी. दोन साक्षीदारांच्या रेषा जिथे छेदतात तिथून सुरुवात. पाणबुड्यांना तळाशी बहुधा स्वतःचा हातही दिसत नाही. ते तळावर ताणलेल्या दोरीला धरून हाताने चाचपत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, मग दोरी हातभर सरकवतात. मोठ्या तलावात आधी सोनार (ध्वनिलहरींनी तळ दाखवणारे यंत्र) फिरवून संशयित बिंदू काढले तर पाणबुड्यांचा वेळ वाचतो.

सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

ज्याला वस्तू सापडते तो ‘थांबा’ म्हणतो आणि रांग जिथल्या तिथे थांबते. तो उचलत नाही, वळवत नाही. प्रमुख येतो, खूण रोवतो, वेळ आणि जागेचे निर्देशांक नोंदवतो. लांबून, मधून आणि जवळून मोजपट्टीसह छायाचित्र होते. मग मुद्देमाल सांभाळणारा ते ताब्यात घेतो. ओले किंवा रक्ताचे कापड कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, नाहीतर बुरशी धरते. पिशवीवर ज्याला वस्तू सापडली त्याचे नाव हवे, प्रमुखाचे नव्हे. न्यायालयात उभे राहायचे आहे ते त्याला. आणि उरलेला पट्टा पूर्ण करायचाच. चाकू मिळाल्याच्या आनंदात दहा पावलांवरचे म्यान राहून जाते.

काही मिळाले नाही, तर नोंदवहीत प्रत्येक भागापुढे पद्धत, माणसे, वेळ, उजेड, हवामान आणि पकडीचा आकडा जातो. त्याखाली न तपासलेल्या जागांची यादी कारणासह : कुलूपबंद तळघर, मालक गावी; पाणी भरलेले गटार; पडायला आलेले छप्पर. ही यादी लांब असली की अधिकारी नाराज होतात, पण ती कापायची नाही. शेवटचा रकाना पुन्हा शोध कधी घ्यावा याचा : पाणी उतरल्यावर, पानगळीनंतर, गवत कापल्यावर, किंवा सुरुवातीला लिहिलेल्या गृहीतकांपैकी एखादे खोटे ठरल्यास. मग नकाशा, वही आणि छायाचित्रे तपास अधिकाऱ्याकडे सहीनिशी सुपूर्द करतात आणि एक प्रत पथकाकडे राहते.